झोंबी पळायला लागला आणि भीती मेली

पळणारा झोंबी ही भयपटवाल्यांना सुचलेली सगळ्यात आळशी कल्पना आहे. हे वाक्य मी कोल्हापुरातल्या दोन-तीन चहाच्या टपऱ्यांवर, एका लग्नाच्या पंगतीत आणि ऑफिसच्या कॉलवर (मॅनेजर जॉइन व्हायच्या आधी) बोललो आहे, आणि सगळीकडे मला एकच उत्तर मिळालं आहे: "भावा, हळू चालणाऱ्याला कोण भितंय? चालत चालत लांब जायचं की."

या "चालत चालत लांब जायचं की"शी माझं भांडण आहे.

आधी समोरच्या पार्टीचं म्हणणं नीट मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. १९६८ साली जॉर्ज रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला, तिथून झोंबी पाय ओढत चालायला लागला. (सिनेमात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही, आणि स्मशानातला पहिला मुडदा तसा बऱ्यापैकी चपळ आहे, दगड उचलून गाडीची काचही फोडतो. हे मलाही माहीत आहे, कमेंटमध्ये सांगू नका.) पुढे २००२ साली डॅनी बॉयलचा '२८ डेज लेटर' आला आणि त्यातले संसर्ग झालेले लोक धावत सुटले. २००४ साली झॅक स्नायडरने रोमेरोच्याच 'डॉन ऑफ द डेड'चा रिमेक केला आणि मूळ सिनेमातल्या रेंगाळणाऱ्या मुडद्यांना स्प्रिंटर केलं. २०१६ साली 'ट्रेन टू बुसान' आला. तेव्हापासून माझ्या पिढीला वाटतं की झोंबी म्हणजे पळणाराच, आणि जुना रेंगाळणारा म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट काळातली बजेटची अडचण.

'ट्रेन टू बुसान' मी तीनदा पाहिला आहे आणि चौथ्यांदाही पाहीन. पण त्यातला कोणता प्रसंग तुमच्या डोक्यात राहिला, ते स्वतःला विचारा. माझ्या डोक्यात राहिला तो डब्याच्या दाराचा. आतले जिवंत प्रवासी बाहेरच्या जिवंत प्रवाशांना आत घेत नाहीत, दार दाबून धरतात. त्या दाराशी झोंबीच्या वेगाचा काही संबंध नाही. आतल्या लोकांना विचार करायला वेळ मिळाला आणि त्यांनी तो विचार केला, म्हणून ते दार बंद राहिलं.

किंवा 'वर्ल्ड वॉर झेड' घ्या. मॅक्स ब्रुक्सची २००६ सालची कादंबरी हळू झोंबींची आहे. तिच्यातली भीती सरकारांची आहे: आधी लपवायचं, मग धीर द्यायचा, मग कुणीतरी बोगस लस बाजारात आणायची आणि लोकांनी ती टोचून घेऊन निवांत झोपायचं. २०१३ साली सिनेमा आला त्यात यातलं बहुतेक गायब, आणि त्या जागी जेरुसलेमच्या भिंतीवर झोंबींनी लावलेले थर. गोविंदा पथकच जणू. बघायला मजा येते. पण दहीहंडी बघून रात्री कुणाची झोप उडाली आहे का?

या वादाचा निकाल मराठीने शब्दांतच लावून ठेवला आहे. दचका वेगळा, धास्ती वेगळी. दचका बसतो आणि उतरतो. धास्ती माणूस घेतो आणि मग तीच त्याला घेऊन बसते. आजीच्या तोंडून आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं की अमक्यानं धसका घेतला आणि सहा महिन्यांत गेला. दचकून कुणी सहा महिन्यांनी मरत नाही. पळणारा झोंबी दचका देतो. त्याचं काम कुत्र्यासारखं आहे. रात्री एक वाजता सेकंड शिफ्ट संपवून गाडीवरून घरी येणाऱ्या कुणालाही विचारा. कोपऱ्यावरून चार-पाच कुत्री सुटतात, पाय आपोआप टाकीवर जातात, अ‍ॅक्सिलरेटर पिळला जातो, चाळीस सेकंदांत विषय संपतो. दुसऱ्या दिवशी तो किस्सा होतो. हसत हसत सांगता येतो, वरून चार कुत्र्यांची आठ करता येतात.

धास्तीचे किस्से होत नाहीत.

हळू चालणारा झोंबी म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सिनेमा बघून शिकायची गरज नाही. नदीला झोंबी म्हटलं तर घरी मार खाईन, म्हणून पुराबद्दल बोलतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात आणि पंचगंगा होते (पाचवी सरस्वती, ती गुप्त). राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे शहराला क्रिकेटच्या स्कोअरसारखे पाठ असतात. फोनवर मेसेज येत राहतात: छत्तीस फूट चार इंच. छत्तीस फूट सात इंच. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, तीन की चार. पाणी तासाला इंचांनी चढतं. रांगणारं मूल त्याच्यापेक्षा वेगात जातं. चालत चालत लांब जायचं की!

आता या इंचांसमोर आपण काय करतो ते बघा. आपण पाणी बघायला जातो. पोरांना गाडीवर पुढे बसवून, भाजलेलं कणीस घेऊन, शिवाजी पुलापाशी गर्दी करतो. फोटो काढतो. "जामदार क्लबपाशी आलंय काय?" "अजून नाही, सुतारमळ्यात शिरलंय." ही चर्चा बातमीसारखी कमी आणि पाहुणा कुठवर पोचला याच्या चौकशीसारखी जास्त असते. रोमेरोच्या १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये मोटरसायकलवाल्यांची एक टोळी मॉलमध्ये घुसते आणि मंद झोंबींच्या तोंडावर क्रीमचे पाय फेकून खिदळते. त्यातला एक तर चक्क ब्लड प्रेशर मोजायच्या मशीनवर जाऊन बसतो. मशीनमध्ये अडकवलेला हात तेवढा मागे उरतो. हळू चालणाऱ्याची चेष्टा करता येते, हेच त्याचं हत्यार आहे. वाघाच्या तोंडावर कुणी पाय मारायला जात नाही.

ऑगस्ट २०१९. चिखली आणि आंबेवाडीला पूर नवा नव्हता. २००५ चा पूर लोकांनी पाहिला होता, पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर दाखवता येत होतं. आणि हीच खूण घातक ठरली. प्रत्येक घराचा हिशोब एकच होता: २००५ ला आपल्या उंबऱ्याला लागलं नव्हतं, म्हणजे आताही लागणार नाही, २००५ ला माळ्यावर सामान ठेवलं होतं, ते वाचलं, म्हणजे आताही वाचेल. पाणी २००५ च्या खुणेपाशी आलं आणि थांबलं नाही. पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच बुडाली, त्यामुळे गळ्यापर्यंत पाणी असलेल्या गावात प्यायला टँकर. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती महिन्यावर आलेले. मूर्ती आधी खालच्या फळीवरून मधल्या फळीवर, मग मधल्या फळीवरून वरच्या फळीवर, आणि वरच्या फळीच्या वर फळी नसते.

इथे मला "लोक मूर्ख असतात" असं अजिबात म्हणायचं नाही. उलट "चालत चालत लांब जायचं की" हे वाक्य ज्याच्या दारात म्हैस नाही त्याचं आहे. दोन दुभत्या म्हशी, एक कालवड, सकाळ-संध्याकाळची धार, आणि बोटीत म्हैस घेत नाहीत. दाव्याला बांधून जायचं की सोडून द्यायचं? पाणी वेगाने आलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता, माणूस उठून पळाला असता आणि पुढे आयुष्यभर म्हणाला असता की वेळच मिळाला नाही. हळू आलेलं पाणी तुम्हाला ठरवायला लावतं. रात्रभर ठरवायला लावतं. पहाटे तीनला उठून बॅटरीच्या उजेडात पायरी बघायची, एक पायरी गेलेली असते, परत येऊन आडवं व्हायचं आणि डोळे उघडे. कुठल्याही स्प्रिंटर झोंबीने आजवर कुणाला असं जागं ठेवलेलं नाही.

आणि शेवटी तेही धावतंच. तिकडे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली, माणसं बुडाली. पाणी कित्येक दिवस चढत होतं. सगळे दिवस संपल्यावर शेवटी उरली ती एक बोट आणि तिच्यात मावणार नाहीत इतकी माणसं. पळापळ हळू भीतीच्या टोकाला येतेच. पळणाऱ्या झोंबीचे सिनेमे फक्त तेवढं टोक दाखवतात, आधीचा आठवडा कापून टाकतात.

यावर माझ्या एका मित्राने मला बरोबर जागी पकडलं होतं. तो म्हणाला, "मग माळीण? तळिये?" ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण आणि २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये, डोंगर उतरून आला आणि गाव गेलं. ना इशारा पातळी, ना धोका पातळी. मारण्यात वेग जास्त प्रभावी आहे, हे मान्यच करायला हवं, आणि मी ते करतो. पण आपला प्रश्न कोण जास्त मारतो हा नव्हता. आपला प्रश्न भीतीचा आहे. डोंगर कोसळला त्या क्षणात मृत्यू होता, भीतीला तिथे उभं राहायलाही जागा नव्हती. भीती कुठे आहे ते बघायचं तर शेजारच्या डोंगराखालच्या वाडीत जा. तिथे जमिनीला गेलेली भेग आहे, दर पावसाळ्यात कुणीतरी काठी घेऊन तिची रुंदी बघतं आणि बाकीच्यांना सांगतं की मागच्या वर्षीएवढीच आहे.

आता थोडं गणित, कारण चार वर्षं इंजिनीअरिंगची फी भरली आहे. समजा एक झोंबी दिवसाला फक्त एकाला चावतो. पळायची गरज नाही. दिवसभरात एक म्हातारा माणूस किंवा एक झोपलेला वॉचमन गाठला तरी पुरे. पहिल्या दिवसअखेर दोन, मग चार, मग आठ. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं. विसाव्या दिवशी हा आकडा दहा लाखांवर जातो, म्हणजे शहर संपलं. (शेवटी चावायला माणसंच कमी पडतील आणि वक्ररेषा वाकेल, ठीक आहे, दोन-चार दिवस इकडे-तिकडे.) पण मला घाबरवतो तो विसावा दिवस नाही. दहाव्या दिवशी झोंबी आहेत १,०२४. साडेपाच लाखांत हजार! दहाव्या दिवशी मिसळीच्या हॉटेलाबाहेर तितकीच रांग असेल. पंधराव्या दिवशी ३२,७६८, म्हणजे शंभरातले सहा. "आमच्या पेठेत अजून काही नाही" असं तेव्हाही म्हणता येईल, आणि ते खरंही असेल. त्यानंतर पाच दिवस.

ओटावा विद्यापीठातल्या लोकांनी २००९ साली झोंबी साथीचं गणिती मॉडेल खरोखरच मांडलं होतं. त्यांनी जाणूनबुजून जुना, हळू झोंबी घेतला, आणि तरीही निष्कर्ष असा निघाला की लवकर, जोरात आणि पुन्हा पुन्हा हल्ला केला तरच माणूस टिकतो. वेगाचा प्रश्नच येत नाही. दुप्पट होण्याचा प्रश्न आहे. आमच्या धंद्यातही हेच. सर्व्हर धाडकन पडला तर दोन मिनिटांत अलर्ट येतो, चार जण झोपेतून उठतात, तासाभरात उभा करतात. मेमरी लीक मात्र रोज थोडी थोडी खात राहते, डॅशबोर्डवरची रेघ इतकी हळू वर जाते की सरळच वाटते, आणि कुणीतरी "रीस्टार्ट केलं की ठीक होतं" हे वाक्य टीमच्या परंपरेत घालून टाकतं.

कुस्तीवाल्यांना वेगळ्या भाषेत सांगतो. खासबाग मैदानात निकाली कुस्ती लागते तेव्हा गुण मोजत नाहीत. पाठ लागेपर्यंत कुस्ती. चपळ मल्ल पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं ते करून घेतो. त्यानंतर उरतो दम. आता समोरचा असा कल्पा की त्याला दम लागतच नाही. तो डाव टाकत नाही, तुम्ही टाकलेला डाव त्याला दुखत नाही, तुम्ही सुटून बाजूला झालात तर तो वळतो आणि पुन्हा येतो, त्याच चालीने. पंच वेळ बघत नाहीत. पाणी प्यायला सोडत नाहीत. तुम्हाला झोप येणार आहे, त्याला येणार नाही. हळू झोंबी म्हणजे ही कुस्ती.

आणि आपल्या भुतांना हे फार आधी कळलं होतं. आपल्याकडे पळणारं भूत शोधून दाखवा. मुंजा पिंपळावर बसलेला असतो, जागा सोडत नाही. हडळ वाटेत उभी राहून वाट बघते. चकवा तर कमाल आहे: तो दिसतही नाही, अंगावरही येत नाही, फक्त तुम्हाला रात्रभर त्याच माळावर गोल गोल चालवतो. पळायचं काम तुम्हीच करता आणि दमून तुम्हीच पडता. वेताळ मुडद्यात शिरतो, म्हणजे आपला झोंबीच की, आणि करतो काय? विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्टी सांगतो. पंचवीस! आमच्या शिवाजी पेठेत वेताळमाळ नावाची तालीम आहे, तिथल्या पोरांना हे जास्त चांगलं समजावता येईल. मराठी सिनेमाचा पहिला झोंबीपट 'झोंबिवली' २०२२ साली आला, आदित्य सरपोतदारने केला. त्याच्या नावावर २०१७ चा 'फास्टर फेणे'ही आहे आणि २०२४ चा 'मुंज्या'ही. म्हणजे फास्ट, झोंबी आणि मुंजा हे तिन्ही विषय एकाच माणसाने हाताळले आहेत आणि या वादावर अधिकाराने बोलू शकेल असा तोच आहे. मी फक्त एवढंच नोंदवतो की त्यानेही झोंबी सोडायला डोंबिवली निवडली. हळूहळू, मजल्यावर मजला चढत, कुणाच्या लक्षात येण्याआधी भरून गेलेलं शहर.

पण आपल्या भुतांत आणि झोंबीत एक फरक आहे आणि मला वाटतं खरा मुद्दा तिथेच आहे. आपलं भूत म्हणजे देह गेलेला जीव. झोंबी म्हणजे जीव गेलेला देह. आपल्या भुताची काहीतरी इच्छा राहिलेली असते, लग्नाची, बाळंतपणाची, जमिनीची. झोंबीला इच्छा नाही. मग त्याला कोण चालवतं?

याचं उत्तर हैतीत आहे, आणि ते कोल्हापूरकराने ऐकायलाच हवं, कारण ते उसातून येतं. हैती ही फ्रेंचांची साखरेची वसाहत होती. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना तिथे ऊस-कॉफीच्या मळ्यांत राबवून मारत. मेल्यावर तरी सुटू, आपल्या देशी परत जाऊ, अशी गुलामांची समजूत होती. झोंबी ही तिच्यावरची भीती: मेलो तरी सुटका नाही, हे देहाला उठवतील आणि परत रानात जुंपतील. तिथे झोंबी आपल्याला चावेल याला कुणी भीत नव्हतं. आपण झोंबी होऊ याला भीत होते. हैती अमेरिकेच्या ताब्यात असताना विल्यम सीब्रुक नावाचा लेखक तिथे गेला आणि १९२९ साली त्याने लिहिलेल्या पुस्तकातून हा शब्द अमेरिकेत पसरला. त्यात उसाच्या फडात राबणारी मेलेली माणसं आहेत, आणि त्यांना कामाला आणणारा मुकादम आहे. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' या पहिल्या झोंबीपटात साखरेची गिरणी आहे. मुडदे चरक फिरवतायत. एक तोल जाऊन आत पडतो. बाकीचे फिरवत राहतात. नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा, एकही जण पळत नाही, आणि तो चरकाचा करकर आवाज माझ्या डोक्यातून जात नाही.

यावर "आम्ही आयटीवालेही झोंबीच" असं लिहायचा मोह होतो. नाही लिहिणार. मला एसी आहे, रजा आहे, नोकरी बदलता येते. आमच्या जिल्ह्यात दर हंगामाला बीडकडून येणारी जोडपी असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', माणसं मोजायचं एकक अवजाराचं. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. आजारी पडलं तरी खाडा, पाळीत बसून राहिलं तरी खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे एका दिवसात घडलेलं नाही. हंगामामागून हंगाम, एकेका गावात, इतक्या हळू की ज्यांनी पाहायचं त्यांना पाहायला भरपूर वेळ होता. पहाटे चारला भरून निघालेल्या ट्रॉलीमागे आपली गाडी अडकते तेव्हा ती ट्रॉली सायकलच्या वेगाने जात असते. आपण हॉर्न मारतो.

सीब्रुक अतिरंजित लिहिण्यात पटाईत होता, पण त्याला ऐकवलेली एक गोष्ट मला कुठल्याही धावणाऱ्या सिनेमापेक्षा जड जाते. हैतीत समजूत अशी की झोंबीला मीठ द्यायचं नाही. मीठ लागलं की आपण मेलोय हे त्याला कळतं. मुकादमाच्या बायकोला त्या मुक्या माणसांची दया येते. सणाच्या दिवशी ती त्यांना बाजारात नेते आणि दाण्यांच्या वड्या खायला घालते. दाण्यांना मीठ लावलेलं असतं. ते सगळे उठतात आणि डोंगरातल्या आपल्या गावाची वाट धरतात. गावातले लोक त्यांना ओळखतात. कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी. नावाने हाका मारतात, आडवे येतात. ते थांबत नाहीत, स्मशानापर्यंत जातात आणि आपापल्या जागेवरची माती हातांनी उकरायला लागतात.